गरम पाण्याने डोक्यावरून न्हाताना फिट येते. भाच्याची जनुक तपासणी करावी का?

नमस्कार, आम्ही खानापूर तालुक्यातले. भाचा ९ वर्षांचा. गेल्या नरक चतुर्दशीला आजी त्याला न्हाऊ घालत होती. बंबातलं कढत पाणी, डोक्यावर तांब्यावर तांब्या. चौथ्या-पाचव्या तांब्याला पोरगं एकटक बघायला लागलं, तोंड चावल्यासारखं करू लागलं आणि न्हाणीतच कोसळलं. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा. नंतर आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा डोक्यावरून न्हातानाच. नुसतं अंगावर पाणी घेतलं की काही होत नाही.

ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला. झालं, घरात 'बाहेरचं काहीतरी' सुरू! बेळगावच्या न्यूरोलॉजिस्टनी मात्र आधी हेच विचारलं, की पाणी किती गरम असतं. हा हॉट वॉटर एपिलेप्सी नावाचा अपस्माराचा प्रकार, म्हणाले. कर्नाटकात बराच दिसतो, बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या संस्थेत त्यावर वर्षानुवर्षं काम झालंय, आणि दोन फिटांच्या मधे ईईजी बहुतेकदा नॉर्मलच येतो. पाणी कोमट ठेवायला सांगितलं, न्हायच्या आधी घ्यायला क्लोबाझाम ही फिट रोखणारी गोळी दिली. तेव्हापासून फिट नाही.

मग जाता जाता त्यांनी घराण्यात आणखी कुणाला होतं का विचारलं. ताई गप्प. घरी आल्यावर कळलं, धाकट्या दिरांना लहानपणी 'न्हाणीत चक्कर' यायची. त्यांचं लग्न ठरायच्या आधी ते कुणी बोललं नाही, नंतर बोलायचं कारण उरलं नाही.

मी वाचलं ते असं. बेंगळुरूच्याच जवाहरलाल नेहरू सेंटर या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी असे रुग्ण असलेली कुटुंबं तपासली. २००९ साली १० व्या आणि ४ थ्या गुणसूत्रावर या आजाराशी जोडलेल्या जागा सापडल्या. पुढे काही रुग्णांत एसएलसी१ए१ या जनुकात बदल दिसले. पेशींभोवती सांडलेलं ग्लुटामेट परत आत ओढणारं प्रथिन हे जनुक बनवतं. ग्लुटामेट म्हणजे मेंदूतला 'चालू'चा निरोप. तो वेळेवर उचलला नाही तर पेशी पेटत्याच राहणार, एवढं मला समजलं. पण गरम पाणी डोक्यावरच का लागतं, ते काही उलगडत नाही.

ताईची धाकटी ५ वर्षांची आहे. भाच्याबरोबर तिचीही जनुक तपासणी करावी का? आजी म्हणते, "रिपोर्टात नाव आलं की पोरीचं कसं व्हायचं?" भाच्याचं औषध त्या तपासणीनं बदलणार आहे का? ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी सांगा, प्लीज.

प्रतिसाद:
आमच्या निपाणीकडच्या घरात दोघांना आहे. आम्हाला डॉक्टर म्हणाले, उपचार रिपोर्टावर नाही, फिटांवर ठरतो. बऱ्याच कुटुंबांत ठराविक जनुक सापडतही नाही. शिवाय बदल असला तरी फिट येईलच असं नाही. पोरीला आत्तापासून कोमट पाण्याची सवय लावा, त्याला रिपोर्ट कशाला हवा? मात्र काकांची माहिती डॉक्टरांना द्याच, ती फुकटची जनुक तपासणी समजा. आणि न्हाणीला आतून कडी लावू देऊ नका. काका आता कसे न्हातात, विचारलंत का?

धागाकर्ता:
काल विचारलं. पंचवीस वर्षं गार पाण्यानंच न्हातात. आम्ही समजत होतो, तालमीची सवय.