गल्लीतल्या तू-दी-गोंगच्या देवळात गेलं तर चालतं का?

निशिगंध:
तैवानमध्ये शिन्चूला नुकतीच राहायला आले आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला वडाखाली छोटंसं देऊळ आहे. आत पांढऱ्या दाढीचे हसरे आजोबा, हातात सोन्याची लगड. शेजारच्या काकू म्हणाल्या, हे तू-दी-गोंग, या जागेचे देव. येता-जाता हात जोडते, पण आत जावं का? रीत माहीत नाही, आणि आम्ही शाकाहारी.

रानपाखरू:
खुशाल जा. मी ताइपेईत राहते, आमच्या भाजीबाजाराला लागूनच यांचं देऊळ आहे, कुणी अडवत नाही. मोठं देऊळ असेल तर आपल्या उजव्या हाताच्या दाराने आत, डाव्याने बाहेर. मधलं दार देवाचं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. उदबत्त्या किती ते देवळागणिक बदलतं, पुढच्या माणसाचं बघून करा.

मुख्य गोष्ट म्हणजे मनात नाव, जन्मतारीख आणि घराचा पूर्ण पत्ता सांगायचा, गल्ली-नंबरासकट. देवांच्या दरबारात हे तलाठ्यासारखे: हुद्दा लहान, पण हद्दीतलं घर न् घर यांच्याकडे. परक्या गावात आपली नोंद कुठेतरी झाली, याचा मला फार आधार वाटला. मी मराठीतच सांगते.

कौलही लावता येतो. चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी तुकडे ओंजळीतून खाली टाकायचे. एकाची सपाट बाजू वर आणि दुसऱ्याची फुगीर, तर होकार. दोन्ही सपाट पडले तर देव हसले, प्रश्न नीट विचारा. दोन्ही फुगीर म्हणजे नाही.

चिनी चांद्र महिन्याच्या २ आणि १६ तारखेला दुकानदार दारात टेबल मांडून यांची पूजा करतात. दुसऱ्या महिन्यातली २ तारीख म्हणजे यांचा वाढदिवस, तेव्हा नक्की जा. आणि मूर्तीच्या चौथऱ्याखाली वाघ दिसला तर तोही देवच, हू-ये. त्यालाही नमस्कार करा.

सागरगोटा:
सिंगापूरला यांना तुआ पेक कोंग म्हणतात. लोयांगच्या देवळात तर त्याच छताखाली गणपतीही आहे! आम्ही दोघांनाही फळं ठेवतो. तेलोक आयर रस्त्यावरचं यांचं फुक टक ची देऊळ १८२४ सालचं, आता तिथे संग्रहालय आहे.

निशिगंध:
खूप आभार. नैवेद्याच्या टेबलावर शेजारी कुणाची कोंबडी असली तर?

रानपाखरू:
असतेच पुष्कळदा. आपली ताटली वेगळी ठेवा. शेंगदाणे, फळं, गोडधोड सगळं चालतं. उदबत्ती जळत आली की नमस्कार करून ताटली घरी न्यायची, पोरांना प्रसाद.