सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा इतिहास अभ्यासायचाय, सुरुवात कुठून करू?

महालकर: प्राणिशास्त्रात एमएस्सी झालंय. चुलत बहिणीचं जमलेलं लग्न सिकलसेलच्या रिपोर्टवर ‘वाहक’ (दोषी जनुक एकाच पालकाकडून आलेला, स्वतःला आजार नाही) दिसताच मोडलं. पोरगी ठणठणीत आहे, मुलाची तर तपासणीही झाली नव्हती! हे असं काहून होते, ते मुळापासून समजून घ्यायचंय.

इतिहासवाला: आधी कालक्रम लावा. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. हेरिकने रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी नोंदवल्या. १९४९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉलिंगने दोष हिमोग्लोबिनच्या (रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाच्या) रेणूत दाखवला. भारतात १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. मग अमेरिकेतली १९७०च्या दशकाची सुरुवात नीट वाचा. अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांवर तपासणी लादली, समुपदेशन तोकडं. धडधाकट वाहकांना नोकऱ्या, विमा नाकारला. तुमच्या बहिणीचं दुखणं तिथलंच आहे.

रामदासपेठ: सोबत ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) हे पुस्तक घ्याच. वंशशुद्धीसाठी जात हवी, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी जीवशास्त्राच्याच आधारे खोडलाय. आणि घरच्यांना सांगा, दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराचा धोका २५ टक्के.

महालकर: धन्यवाद. १९७०च्या दशकापासून सुरू करते. विदर्भातल्या तपासणी शिबिरांत गेलेल्या बायकांशीही बोलणार आहे, त्यांचं कुणी लिहून ठेवायला पाहिजे.