मदत हवी आहे: भाच्याला पार्कसाठी कुठला स्नोबोर्ड घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी टिळकवाडी, बेळगावचा. बर्फाशी आमचा संबंध मासळी बाजारापुरता. पण भाचा कॅलगरीला शिकायला गेला आणि इथलं रोलर स्केटिंग सोडून स्नोबोर्डवर चढला. १९८८ च्या हिवाळी ऑलिम्पिकची टेकडी आहे ना तिथं, सुटीला तिथंच पडीक असतो. नुसतं उतारावरून घसरणं नको, टेरेन पार्कात, म्हणजे करामतींसाठी केलेल्या भागात, लोखंडी रेलवर चढायचं, उंचवट्यावरून उडायचं. आतापर्यंत भाड्याच्या बोर्डावर भागलं, आता "मामा, स्वतःचा पाहिजे की" सुरू झालंय. पैसे माझे, म्हणून प्रश्नही माझे.

वजन ६८ किलो, उंची १७५ सेंमी, बूट यूके १०. दोन बोर्डांवर गाडी अडलीय. दोन्ही ट्रू ट्विन, पुढून-मागून सारखे. तेवढ्यावर आमचं एकमत. त्याला हवाय १५२ सेंमीचा मऊ, फ्लेक्स (कडकपणा) दहापैकी ३, मधे सपाट, टोकं उचललेला, एक्स्ट्रूडेड (प्लास्टिक वितळवून केलेल्या) बेसचा, म्हणजे तळाचा. म्हणतो, रेलवर वाकवता येतो, कड अडकत नाही. मी काढलाय १५५ चा, कॅम्बर (मधे कमानीसारखा उचललेला), फ्लेक्स ५, सिंटर्ड (प्लास्टिकची पूड दाबून केलेला) बेस. उडी चांगली मिळते आणि उतरताना डगमगत नाही, असं वाचलंय. गुडघा मोडला तर बहिणीला तोंड मलाच द्यायचंय. दोन्हींची कंबर, म्हणजे मधली रुंदी, २५० मिमी. चालेल काय?

खानापूरकर:
काका, आधी कंबर बघा. यूके १० ला २५० अरुंद. वळताना बोटं नाहीतर टाच बर्फात रुतते आणि माणूस आडवा. वाइड (रुंद) बोर्ड घ्या, २५८ च्या पुढचा. लांबी उंचीवर नाही, वजनावर ठरते. वाइडला पृष्ठभाग जास्त, त्यामुळं १५२ बास.

बेसबद्दल भाच्याचं खरं. सिंटर्ड वेगवान, पण सारखा वॅक्स (मेण) मागतो. लोखंडावर खरवडून घ्यायलाच महागाचा बेस कशाला? एक्स्ट्रूडेडची दुरुस्ती सोपी.

कॅम्बरचं मात्र तो काय खेळतो त्यावर. रेल आणि बॉक्स (घसरायचे रुंद, सपाट ठोकळे) जास्त असतील तर त्याचा बोर्ड, मोठ्या उड्या असतील तर तुमचा. तुमचा घेतलात तर दोन्ही टोकांजवळची धार कानशीनं जरा बोथट करून घ्या, रेलवर अडकायची नाही.

धागाकर्ता:
फोन केला. "रेलच जास्त, मामा." म्हणजे मी हरलो. १५२ चा वाइड शोधायला सांगितलंय. आता बाइंडिंगचं (बूट बोर्डाला अडकवायची पकड) सांगा, तीही मऊच घ्यायची काय?