मदत हवी आहे: लाइट गेल्यावर बोआ सापाला गार कसं ठेवायचं?

राम राम मंडळी, माझ्याकडे बोआ कन्स्ट्रिक्टर आहे, परदेशी जात, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेली आहे म्हणून कागदांचं टेन्शन नाही. लई हुशार जनावर, साप उचलायचा हुक अंगाला हलका टेकवला की आता खाणं नाही, हातात घेणार हे त्याला बरोबर कळतं. पण जळगावचा मे महिना, बाहेर ४५ आणि याला गार कोपऱ्यात २५ ते २७ लागतं. कूलर लावून पाहिला तर दमटपणा इतका वाढला की पोटाखालचे खवले तपकिरी पडायला लागले, मग बंद केला. एसी चालतो पण दुपारी लाइट गेली की खोली तापते आणि तो पाण्याच्या टबात वेटोळं घालून पडून राहतो, इन्व्हर्टरवर एसी ओढत नाही. बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून टँकच्या जाळीवर ठेवल्या तर चालेल का, की एकदम गारठून त्याला श्वासाचा त्रास होईल?