ऑड्री हेपबर्नने ‘सगळं सोडलं’ म्हणे

खडूस_काकू
काल तात्यांनी टाकलेलं वाचून डोकं सणकलं म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: ऑड्री हेपबर्नने यशाच्या शिखरावर असताना मुलांसाठी हॉलिवूडला रामराम ठोकला, उरलेलं आयुष्य गरीब लेकरांच्या सेवेत घालवलं, आणि ‘आजच्या करिअरवाल्या मुलींनी’ यातून शिकावं. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

तात्या, तारखा बघा हो जरा. थांबण्याआधीचा तिचा सिनेमा ‘वेट अंटिल डार्क’ १९६७ चा, तेव्हा ती ३८ वर्षांची. युनिसेफचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मुलांसाठीच्या संस्थेचं काम १९८८ ला सुरू झालं. मधल्या २१ वर्षांचं काय? त्यात एक घटस्फोट, दुसरं लग्न, दुसरा मुलगा, ७६ साली शॉन कॉनरीबरोबर परत एक सिनेमा, मग दुसरंही लग्न मोडलं. नवरे दोन्ही कसे होते ते तुमच्या फॉरवर्डमध्ये नाही. आणि ‘माय फेअर लेडी’चे दहा लाख डॉलर घेतलेली बाई स्वित्झर्लंडमधल्या स्वतःच्या घरी बसली तर तो त्याग कसला, ती तिची मर्जी. माझ्याकडे तेवढे असते तर मीही उद्या पेपर टाकले असते, आणि सेवाबिवा नंतर, आधी आठ दिवस नुसती झोपले असते.

बाल्कनीवाला
तात्यांनी लावलेला फोटो कॅथरीन हेपबर्नचा आहे. दोघींचं काही नातं नाही. कॅथरीनबाईंना मूलबाळ नव्हतं, म्हातारपणापर्यंत काम केलं, चौथं ऑस्कर चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आदर्श म्हणून लावला असेल तर माझी हरकत नाही.

तात्या_५२
फोटो गुगलने दिला. मुद्दा फोटोचा नाही. १९५९ मध्ये शूटिंगला घोड्यावरून पडून तिच्या पाठीचं हाड मोडलं, त्याच वर्षी पोटातलं मूल गेलं, आणि तो काही पहिला धक्का नव्हता. साठ साली मुलगा झाला. एवढं सोसलेल्या बाईला मूल मोठं होताना बघावंसं वाटलं तर ती काय हौस? आमच्या हिने ८९ साली बँकेतली नोकरी सोडली, आज दोन्ही मुलं मार्गी लागली. पाळणाघराला आईची सर नाही, पटो न पटो.

सव्वासहाची_लोकल
तात्या, तुमच्या घरच्या काकूंना विचारलंत का कधी, की तुम्हीच ठरवून टाकलंत?

मी ४ वर्षं घरी होते. पोरगा सातव्या महिन्यात झाला होता, पहिलं वर्ष तर दवाखाना आणि घर यातच गेलं. परत मुलाखतीला गेले तर समोर तिघे, त्यातल्या एकाने माझ्या बायोडेटावर २०१५ आणि २०१९ च्या मधे पेनाने गोल काढला आणि मुलाखत संपेपर्यंत तो गोलच गिरवत बसला, कागद फाटायचा बाकी होता. शेवटी नोकरी दिली ती माझ्या जुन्या ज्युनिअरच्या हाताखाली. ऑड्रीबाई नऊ वर्षांनी परत आल्या तर बातमी, आम्ही चारने आलो तर गोल.

तिरपागडा
घरची उदाहरणं सोडून लोक हॉलिवूडला का जातात कळत नाही. आपली नूतन ५९ ला लग्न करते, ६१ ला मुलगा, ६३ ला ‘बंदिनी’. तिच्यावर फॉरवर्ड नाही, कारण ती परत आली ना.

आणि सिलेब्रिटींची सेवा म्हणजे फोटो. आमच्या सोसायटीशेजारच्या शाळेत एक संस्था वह्या वाटायला आली होती, सोबत मालिकेतल्या एक बाई. फोटो झाले आणि अर्धे गठ्ठे परत डिकीत.

तात्या_५२
पुन्हा सगळे माझ्या घरात घुसले. ती खूश आहे.

सव्वासहाची_लोकल
हे त्यांना टाइप करू दे.

करंगळीवर_शाई
तिरपागडा, तुमचा गठ्ठा खरा असेल, पण माझंही ऐका. मी ग्रामीण भागात नर्स होते, आता रिटायर. पोलिओच्या रविवारी निळा व्हॅक्सिन कॅरियर घेऊन एसटी स्टँडवर बसायचं, आईसपॅक वितळायच्या आत पोरं गाठायची. मग घरोघर, दारावर खडूने पी (सगळ्या पोरांना डोस झाला) नाहीतर एक्स (राहिला). एका वस्तीत एक्सच एक्स, डोस दिला तर पुढे मुलं होत नाहीत अशी अफवा. अमिताभची ती रागावणारी जाहिरात लागल्यावर त्याच वस्तीतली एक म्हातारी नातवाला काखेत घेऊन आली, म्हणे तो टीव्हीत ओरडतोय, टाका बाई दोन थेंब. हजार वेळा मी सांगितलं ते वाया गेलं होतं. तेव्हा चेहऱ्याला हसू नका.

ऑड्रीही ८८ ला तुर्कस्तानात लसीकरणाच्या मोहिमेला गेली होती. आणि ती उपरी नव्हती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पोरसवदा वयात उपाशी राहिलेली, ट्युलिपचे कंद खाऊन लोक जगत होते तेव्हाची. युद्ध संपल्यावर मदतीचं अन्न आलं ते तिने स्वतः खाल्लेलं.

तिरपागडा
ठीक. चेहऱ्याचं मान्य. वह्यांचं मागे घेणार नाही.

खडूस_काकू
नर्सताई, हे असं कोणी लिहिलं असतं तर मी धागाच काढला नसता. ९२ च्या सप्टेंबरात ६३ व्या वर्षी सोमालियात गेली आणि जानेवारीत कॅन्सरने गेली, हे मलाही माहीत आहे, आणि तिथे मी हात जोडते. पण ती २१ वर्षं आणि ही ५ वर्षं एका वाक्यात कोंबून आमच्या पोरींच्या डोक्यावर आपटू नका, एवढंच भांडण आहे.

बाल्कनीवाला
फोटो अजून कॅथरीनचाच आहे.

तात्या_५२
२१ वर्षांची चूक मान्य. फोटोचीही. पण ते आता तीन ग्रुपवर गेलंय आणि व्याह्यांनी हात जोडून उत्तरही दिलंय, परत कसं घेऊ?