निर्वासिताचा अर्ज आपण भरून द्यायचा, की त्याच्याकडून भरून घ्यायचा?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)
बेळगावात शिकायला आलेल्या एका अफगाण मुलाचा अर्ज परवा पाहायला मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरले तेव्हा हा इथंच वर्गात होता. म्हणजे पळून आलेला नाही, परतीची वाट बंद झाली म्हणून निर्वासित. अशालाही यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) दिल्ली कार्यालयाकडे आश्रयासाठी नोंदणी मागता येते. त्याचा अर्ज एका एजंटाने पैसे घेऊन भरून दिला होता. 'देश का सोडला?' या रकान्यात गुळगुळीत इंग्रजीत लिहिलंय की जिवाच्या भीतीने रातोरात पलायन केले. अहो, पोरगा स्टुडंट व्हिसावर, विमानाने, घरच्यांचा निरोप घेऊन आलाय! पासपोर्टवरचा शिक्काच ते सांगतो. आणि खरी गोष्ट, म्हणजे वडील आधीच्या सरकारात नोकरीला होते, आता घरी चौकशीला माणसं येतात, ती अर्जात कुठंच नाही.
माझं मत: दुसऱ्याची हकीकत आपण रंगवू नये. त्याने सांगायचं, आपण तेवढंच लिहायचं, त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं, मगच सही. तुम्हाला काय वाटतं?

खानापूरचा सेंटरवाला
बोलायला सोपं हाय की हो. मी दिवसभर लोकांचे फॉर्मच भरतो. माणूस सरळ सांगत नाही. रेशनकार्डाला आलेली म्हातारी आधी सुनेचं गाऱ्हाणं सांगते, मग कार्डाचं. हा पोरगा तर जीव मुठीत धरून बसलेला, तो तारीखवार सांगणार होय? कुणीतरी निवडून, लावून लिहायलाच पाहिजे. नाहीतर रकाने अर्धे रिकामे राहतात. एजंट खोटारडा निघाला म्हणून भरून देणारे सगळेच वाईट ठरवू नका.

वकिलीण, शहापूर
सेंटरवाल्यांशी अर्धी सहमत. लावून लिहा, पण घालून लिहू नका. या अर्जात नुसता 'धोका आहे' याला फार वजन नसतं. कुणापासून, कशामुळे, कधीपासून, आणि परत गेलास तर काय होईल, हे लागतं. कारण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशाशी तरी जोडलेलं असावं लागतं. इथं वडिलांची नोकरी हाच सगळ्यात जड मुद्दा, आणि एजंटाने नेमका तोच गाळलाय. पुढे मुलाखतीत अर्ज समोर ठेवूनच विचारतात. लिहिलेलं आणि बोललेलं जुळलं नाही की खऱ्या माणसावरही शंका येते.
खरी गंमत जन्मतारखेची. जुन्या अफगाण तझकिऱ्यावर, म्हणजे ओळखपत्रावर, कित्येकदा तारीखच नसते, '१३८५ साली वय सहा' एवढंच. ते वर्ष त्यांच्या सौर पंचांगाचं, मार्चमध्ये सुरू होणारं, त्यामुळे आपल्या दोन सालांत विभागतं. फॉर्म मात्र दिवस-महिना-वर्ष मागतो. मग भरणारा १ जानेवारी ठोकून देतो. आपल्याकडे गुरुजींनी अर्ध्या गावाला १ जून वाटला तसंच! एका कागदावर १ जानेवारी, दुसऱ्यावर भलतीच तारीख, की बसा खुलासे करत. कागदावर आहे तेच लिहावं आणि 'तारीख अंदाजे' अशी नोंद करावी.

निपाणीचा सीमावासी
आधी आपलं बघा. आमच्या उताऱ्यापासून नोटिशीपर्यंत सगळं कन्नडमध्ये. मराठी माणसाला स्वतःच्या तालुक्यात फॉर्म वाचून घ्यायला दुसरा शोधावा लागतो. आणि तुम्ही काबूलच्या पोराची चिंता करायलाय.

टिळकवाडीकर
म्हणूनच तर करतोय. न कळणाऱ्या कागदावर अंगठा देणं काय असतं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? आपल्याला निदान घटनेचा अनुच्छेद ३५० आहे. देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. पाळत नाहीत ती गोष्ट वेगळी, भांडायला आधार तरी आहे. दरी ही अफगाण भाषा बोलणाऱ्या त्या पोराला तोही नाही.

शांतताप्रेमी
भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. परदेशी नागरिकांसाठी २०२५ चा नवा कायदा आलाय. उगाच नसत्या भानगडीत कशाला पडायचं? आणि एवढंच असेल तर सीएएखाली (नागरिकत्व दुरुस्ती कायदा) अर्ज करू दे.

वकिलीण, शहापूर
दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. सीएए नागरिकत्वासाठी आहे, तेही पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांसाठी. तिथं कधी आलात याचा पुरावा मागतात. हा मुलगा मुस्लिम, आलाही नंतर. सही नाही हे खरं, पण म्हणून इथं कुणाचीच व्यवस्था नाही असंही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेच्या निर्वासितांचं सरकार स्वतः बघतं, अफगाण वगैरेंची नोंदणी यूएनएचसीआर करतं. अर्जाला मदत करणं गुन्हा नाही. खोटी माहिती भरणं अंगाशी येईल.

हुबळी-मुंडगोड अपडाऊन
मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे. थंडीत स्वेटर विकायला येतात ते बरेचसे असल्याच वसाहतींतले. त्यांचंही नावावरून अडतं. पुष्कळांना आडनाव नसतं, दोन्ही नावं स्वतःचीच. फॉर्म भरणारा दुसऱ्या नावाचं आडनाव करतो, मग बाप आणि लेकाचं 'आडनाव' वेगळं दिसतं आणि खिडकीवरचा साहेब विचारतो, हा तुझाच मुलगा कशावरून? वीस वर्षं जुनी कुटुंबं असल्या कागदांवरून हेलपाटे घालतात.

खानापूरचा सेंटरवाला
हे पटलं. आम्हीपण आडनावाचा रकाना रिकामा सोडला की सिस्टीम पुढं जाऊ देत नाही म्हणून काहीतरी घालतो. पण ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्यालाच शिव्या घाला की मग! आम्हाला कशाला? 'आडनाव नाही' असा एक चौकोन टिचकीला ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

टिळकवाडीकर
एकदम मान्य. आता या पोराचं काय करायचं ते सांगा. अर्ज गेलाय.

वकिलीण, शहापूर
मुलाखतीची वाट बघत बसू नका. आत्ताच लेखी कळवा की अर्ज दुसऱ्याने भरला, मला वाचून दाखवला नाही, या-या मजकुराची दुरुस्ती अशी. दरीत लिहिलं तरी हरकत नाही. मुलाखतीला दुभाषा मोफत मिळतो, तो नीट समजत नसेल तर तिथंच सांगायचं, मान डोलवत बसायचं नाही. आई-वडील, भावंडं सगळी नावं घाला, बेपत्ता असतील तीही. आज गाळलेलं नाव उद्या कुटुंब एकत्र आणताना आडवं येतं. सांगितलेलं त्याच्या देशाच्या सरकारला कळवत नाहीत, हेही त्याला सांगा. बरीच मुलं त्या भीतीनेच गप्प बसतात.

निपाणीचा सीमावासी
पत्र टाइप करायला कुणी नसलं तर मला सांगा. पैसे नकोत. यूएनएचसीआर नोंदणीला पैसे घेत नाही, मग त्या एजंटाने घेतलेले आधी परत मागा.