स्वतःची प्रॅक्टिस: फी अडकू नये आणि साइटवर चुका होऊ नयेत यासाठी काय करावं?

आडवा_छेद:
आर्किटेक्ट म्हणून स्वतंत्र काम सुरू करतोय, आधी छोटी घरं. डिझाइनची भीती नाही. धास्ती दोनच गोष्टींची: क्लायंटचे बदल संपत नाहीत आणि फी तेवढीच राहते, शिवाय ड्रॉइंग बरोबर असूनही साइटवर भलतंच उभं राहतं. करारात नेमकं काय लिहावं? ड्रॉइंग कशी द्यावीत? जाणकारांनी कृपया सांगावं.

ओळंबा:
करारात आधी कामाची हद्द ठरवा, फी त्यानंतर. हद्द म्हणजे पर्याय किती, दुरुस्त्या किती, साइट व्हिजिट किती. प्लॅनचे २ पर्याय, निवडलेल्यावर २ दुरुस्त्या, मग क्लायंटची सही. सहीनंतरचा बदल तासाच्या दराने, आणि तो दरही करारातच हवा. "स्वयंपाकघराची भिंत फक्त ३०० मिमी सरकवा" असा निरोप येतो, तेव्हा प्लॅन, दोन छेद (घर उभं कापल्यासारखं दाखवणारी ड्रॉइंग), बीम, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग, सगळं पुन्हा काढावं लागतं. क्लायंटला ती एक रेघ वाटते. त्यात त्याचा दोष नाही, त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. पहिल्याच बैठकीत सांगा.

हप्ते साधारण असे ठेवा: आगाऊ १०%, कन्सेप्टला २०%, मंजुरीच्या ड्रॉइंगला १५%, वर्किंग ड्रॉइंगला (ज्यावरून प्रत्यक्ष बांधतात ती तपशीलवार ड्रॉइंग) ३५%, साइटचे २०%. वर्किंगचा हप्ता मोठा, कारण तास तिथेच जातात, आणि तो सेट देतानाच घ्यायचा. साइटचे २०% मात्र "स्लॅब झाल्यावर" असे बांधू नका. काम रखडलं की व्हिजिट चालू राहतात आणि पैसे थांबतात. दरमहा ठरावीक रक्कम घ्या, आणि ठरलेली मुदत उलटल्यावरही ती तशीच चालू राहील असं लिहून ठेवा.

समतल:
ओळंबा यांच्याशी सहमत. एक भर: छोट्या घरांना फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर घेऊ नका. महागडी खिडकी सुचवली की स्वतःची फी वाढवण्यासाठी सुचवली असा संशय येतो आणि खर्च वाचवला तर आपलीच फी कमी होते. क्षेत्रफळावर किंवा ठोक रक्कम बरी.

पायरी_टप्पा:
साइटवरच्या चुकांबद्दल. बहुतेक घोटाळा एकाच ठिकाणी होतो: ड्रॉइंगवरची लेव्हल कच्च्या स्लॅबची की तयार फरशीची, हे लिहिलेलं नसतं. जिना घ्या. स्लॅब ते स्लॅब ३००० मिमी, २० राइझर (पायरीची उभी उंची), म्हणून सेंटरिंगवाला (काँक्रीटचा साचा बांधणारा) सगळे १५० चे पाडतो. पण तळमजल्याची फरशी भरणीसकट ७५ मिमी, वरची ५०, पायरीवरचा दगड मसाल्यासह ४०. मग तयार झालेला पहिला राइझर भरतो १५० + ४० − ७५ = ११५ आणि शेवटचा १५० + ५० − ४० = १६०. मधले सगळे १५०. पाय एका उंचीला सरावतो आणि नेमका पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीला अडखळतो.

बरोबर हिशेब उलटा करायचा. तयार उंची ३००० − ७५ + ५० = २९७५, भागिले २०, म्हणजे १४८.७५. काँक्रीटचा पहिला राइझर १८४, मधले १४९, शेवटचा १३९ च्या आसपास. हे तीन आकडे जिन्याच्या छेदात वेगळे लिहा आणि दगडाची जाडी सेंटरिंगच्या आधी नक्की करून घ्या. नंतर कुणी २० ऐवजी ३० मिमीचा दगड आणला तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

आडवा_छेद:
हे फारच उपयोगी, मनापासून आभार. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालतील का?

ओळंबा:
निरोपासाठी चालेल, बांधायला नाही. फोटोत कडा कापल्या जातात, स्केल राहत नाही आणि जुना-नवा फोटो एकाच ढिगात पडतो. प्रत्येक शीटवर क्रमांक, तारीख आणि आर०, आर१ असा रिव्हिजन लिहा. बदललेल्या जागेभोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढा. कुठलं शीट कुणाला कधी दिलं याची वही ठेवा. नवा सेट देताना जुना परत घ्या किंवा त्यावर ठळक "रद्द" मारा. "स्केलने मोजू नये, लिहिलेलं माप धरावं" ही ओळ प्रत्येक शीटवर हवी. साइटवर तोंडी काही ठरलं तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल, क्लायंट आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांनाही.

पायरी_टप्पा:
आणि स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी स्वतः जा, त्या सकाळी नाही. सकाळी मिक्सर उभा असताना कुणी काही बदलू देत नाही. जिन्याचे सुटे बार (पुढे जिना जोडायच्या सळ्या) सोडलेत का, टॉयलेटचा सनक (खाली घेतलेला स्लॅब) ड्रॉइंगइतका खोल आहे का, ड्रेनेज पाइपच्या जागी स्लीव्ह (पाइपसाठी भोक राखणारी नळी) बसलीय का आणि पंख्याचे हूक खोलीच्या मध्यात आहेत का, हे टेप घेऊन बघा. स्लीव्ह राहिली तर नंतर कोअर कटिंग (मशीनने गोल भोक पाडणं) करावं लागतं आणि त्यात सळी कापली जाते. बीममध्ये तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक पाडूच देऊ नका.